पिलांना पिंजरा नको, आडोसा हवा

माशाच्या पिलाला पोहायला शिकवावे लागत नाही, असे आपण मराठीत म्हणतो. म्हण खरी आहे. परंतु पोहता येणे वेगळे आणि वाचणे वेगळे, हे मला गेल्या दीड वर्षात आमच्या घरातल्या एका काचेच्या पेटीने शिकविले. जन्मल्याबरोबर पाण्यात सुळसुळणारी पिले सकाळी मी डोळ्यांनी पाहिली आहेत, आणि त्याच दिवशी दिवेलागणीला ती नाहीशी झालेलीही पाहिली आहेत. त्यांना खाणारे दुसरे कोणी नव्हते. त्यांची आईच होती.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकात माशांवर कशाला लिहावे, असे काही गुरुजनांना आणि बऱ्याच मैत्रिणींना वाटेल. हा विषय प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला, असेही कोणी म्हणेल. परंतु आज कळंबच्या कितीतरी घरांच्या हौदांत हे मासे आहेत. त्या घरांतल्या लोकांनी प्राणिशास्त्र कुठे शिकलेले असते? शिवाय या विषयाची सर्वांत जुनी गोष्ट आपल्याच ग्रंथांत आहे, तिच्याकडे मी पुढे येणारच आहे. तेव्हा थोडा धीर धरावा, ही विनंती.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला डेंग्यू झाला. रक्तातल्या पेशी उतरल्या, यवतमाळला आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. तो बरा होऊन घरी आला त्याच आठवड्यात आमच्या वॉर्डातल्या आशाताई आल्या. त्यांनी अंगणातल्या सिमेंटच्या हौदावर बॅटरीचा उजेड टाकला आणि आम्हाला जवळ बोलावले. पाण्यात शेकडो अळ्या वळवळत होत्या. आजाराचे कारण आम्ही गावभर शोधत होतो, आणि ते आमच्याच अंगणात वाढत होते! दुसऱ्या दिवशी आशाताईंनी प्लॅस्टिकच्या बरणीतून दहा गप्पी मासे आणून दिले. सहा हौदात सोडले. चार भावाने हट्टाने घरात ठेवून घेतले, कारण त्याला अजून अंथरुणातून उठायची मनाई होती आणि पाहायला काहीतरी हवे होते. वडिलांनी त्याच्यासाठी दीड फूट लांबीची काचेची पेटी आणली. तळाशी रंगीत खडे, मागे निळा कागद, बाकी स्वच्छ पाणी. पेटी फार सुंदर दिसत होती. सगळा घोटाळा त्या सुंदरपणातच होता, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

गप्पी हे नाव ऐकून हा मासा गप्पिष्ट असावा असे वाटते, पण नावाचा उगम वेगळा आहे. त्रिनिदाद बेटावरच्या रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी नावाच्या गृहस्थांनी १८६६ साली हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठविले, त्यांच्या आडनावावरून हे नाव रूढ झाले. वास्तविक त्यापूर्वीच, १८५९ मध्ये, पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन करून ठेवले होते. मूळचा तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा आणि त्रिनिदादचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डासांच्या बंदोबस्तासाठी तो भारतात आणला गेला. १९२८ साली इटलीतून आणलेला गॅम्बुसिया हा त्याचा भाऊबंद. पूर्ण वाढलेला गप्पी दिवसाकाठी डासांच्या सुमारे ८० ते १०० अळ्या खातो, असे आरोग्य खात्याकडून सांगितले जाते.

हे मासे बहुतेक माशांप्रमाणे पाण्यात अंडी घालीत नाहीत. अंडी मादीच्या पोटातच उबतात आणि बाहेर येते ते पोहणारे पिलू. दर तीन-चार आठवड्यांनी एक वेत, आणि एका वेताला साधारणपणे वीस ते चाळीस पिले. नराशी एकदा संबंध आला की मादी त्याचे बीज अनेक महिने पोटात सांभाळून ठेवते आणि नर नसतानाही पुन्हा पुन्हा विते. पिलू जन्मताना सहा-सात मिलिमीटरचे, म्हणजे जिऱ्याच्या दाण्याएवढे. आई त्याला पाजत नाही, भरवीत नाही, ओळखतही नाही. लहान आणि हलणारे जे काही समोर येईल ते अन्न, एवढेच तिला कळते. डासाची अळी खाण्याचा तिचा जो गुण आपल्याला हवा असतो, त्याच गुणाने ती स्वतःचे पिलूही खाते. तिला कैदाशीण म्हणणे म्हणजे मांजराला चोर म्हणण्यासारखे आहे.

परंतु अकरा वर्षांच्या मुलाला हे कसे सांगावे? पहिले वेत झाले त्या सकाळी भावाने पेटीला नाक लावून बावीस पिले मोजली. संध्याकाळी दोन उरली. तो रात्री जेवला नाही. ‘ताई, ही खरंच त्यांची आई आहे काय?’ एवढेच त्याने विचारले, आणि त्या मादीला नालीत फेकून द्यायला निघाला. मी त्याचा हात धरला आणि पुढच्या वेळी सगळी पिले वाचवून दाखवीन, असे वचन देऊन बसले.

वचन पाळण्यासाठी मी यवतमाळहून पिलांची पेटी आणली. ही हातभर पेटीच्या आत टांगायची वीतभर पेटी. पारदर्शक प्लॅस्टिकची असते, तिला मध्ये फटी असतात. गाभण मादीला वरच्या कप्प्यात ठेवायचे, पिले फटीतून खाली पडतात आणि आईचे तोंड तिथे पोचत नाही. युक्ती ऐकायला पक्की आहे. मादीच्या पोटामागचा काळा डाग गडद झाला, पोट चौकोनी दिसू लागले, तेव्हा मी तिला जाळीने पकडून त्या पेटीत टाकले. चार दिवस ती त्यात होती. पहिल्या दिवशी प्लॅस्टिकवर डोके आपटीत राहिली, दुसऱ्या दिवशी तळाशी बसली, खायची थांबली. चौथ्या दिवशी ती मेली. खालच्या कप्प्यात सात पिले होती, त्यांतली पाच मेलेली आणि पिवळा बलक अजून पोटाला चिकटलेली, म्हणजे दिवस भरण्याआधीच पडलेली.

नंतर विचार केल्यावर कारणे समजली. एवढ्याशा कप्प्यात पाणी खेळत नाही, प्राणवायू कमी पडतो, घाण तिथेच साठते. जाळीने पकडणे आणि कोंडणे यांचा धसका वेगळाच. मी मात्र तेव्हा पेटीला दोष न देता माशाच्या जातीला दोष देत बसले होते.

या प्रसंगी माझी आई, जिने माशांकडे कधी लक्ष दिले नव्हते, ती ओट्यावरून पेटीकडे पाहून म्हणाली, ‘कायले कोंडलं होतं वं तिले? बाळंतिणीले आडोसा लागते, पिंजरा नाही लागत.’

माझी आई सातवी शिकलेली आहे. परंतु या विषयावर मी नंतर जे जे वाचले, त्यात या एका वाक्याबाहेरचे फारसे काही सापडले नाही. तेव्हा या लेखातले मत माझे असले तरी त्याची मूळ धनी ती आहे.

तिचे ऐकून आम्ही काय केले ते सांगते. घरात एक जुना, पसरट तोंडाचा टब होता. नदीकाठच्या डबक्यातून हायड्रिलाच्या जुड्या आणि जलपर्णीची दोन लहान रोपे आणली. जलपर्णी एरवी तळ्यांचा शत्रू, पण तिच्या मुळांची झुलती दाढी पिलांना दडायला उत्तम. ही झाडे तशीच टाकू नयेत. चतुराच्या अळ्या त्यांतून येतात, आणि चतुराची एक अळी पिलांचा फडशा पाडते. म्हणून ती पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून, नंतर साध्या पाण्याने दोनदा धुऊन घेतली. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच वापरले, कारण त्यातला क्लोरिन माशांना सोसत नाही. टबाचा निम्मा भाग झाडांनी दाट भरला, निम्मा मोकळा ठेवला. उरलेली मादी पुन्हा गाभण दिसली तेव्हा तिला जाळीने न पकडता पेल्यात पाण्यासकट अलगद उचलले आणि टबात सोडले. तिला रोज दोनदा पोटभर खायला घातले, कारण भुकेली मादी पिलांमागे जास्त धावते. सहाव्या दिवशी ती व्याली. पिले क्षणात झाडांत शिरली. त्याच दिवशी तिला तसेच पेल्यातून उचलून मोठ्या पेटीत परत पाठविले. आईला आधी कोंडण्याऐवजी नंतर हलविणे, एवढाच काय तो फरक.

भावाला त्या दिवशी पिले मोजताच आली नाहीत. ती दिसत नव्हती म्हणून त्याचा चेहरा पडला. मी म्हटले, दिसत नाहीत हीच चांगली खूण आहे. चार दिवसांनी ती धीट होऊन बाहेर येऊ लागली तेव्हा त्याने एकोणीस मोजली. महिन्याने चौदा उरली होती. सगळी वाचवीन हे माझे वचन खोटे ठरले, पण त्याने ते मला माफ केले आहे.

पिलांच्या खाण्याचेही सांगायला हवे, कारण आईच्या तोंडातून वाचलेली पिले आपल्या हातून मरतात. अंडे कडक उकडून त्याचा पिवळा बलक फडक्यातून पाण्यात पिळावा, आणि त्या पाण्याचे दोन-चार थेंबच घालावेत. दिवसातून तीन-चार वेळा, थोडे थोडे. जास्त घातले की ते कुजते आणि पाणी नासते. काचेच्या बरणीत पाणी भरून उन्हात ठेवले की ते आठ-दहा दिवसांत हिरवे होते, ते हिरवे पाणीही पिलांना मानवते. दर दोन दिवसांनी टबातले चौथाई पाणी बदलावे. पौषातल्या थंडीत टब घरात घ्यावा, वैशाखात सावलीत ठेवावा. आपल्याकडचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून उन्हाळ्यात गर्दी कमी करावी.

आता कोणी म्हणेल की मोठा मासा लहान माशाला खातो हा सृष्टीचा नियमच आहे, त्यात आपण कशाला पडावे? हा युक्तिवाद मी वर्गातही ऐकला आहे. त्याला माझे उत्तर असे की, सृष्टीत नदी असते. तिथे गाळ आहे, मुळ्या आहेत, दगडांच्या फटी आहेत, पळायला मैलभर पाणी आहे. आपण स्वच्छ काचेच्या चार भिंती घेतल्या, त्यांतून दडण्याची प्रत्येक जागा काढून टाकली, भक्ष्य आणि भक्षक यांना दीड फुटात एकत्र ठेवले, आणि घडले त्याला सृष्टीचा नियम म्हणून मोकळे झालो. तो नियम पेटी मांडणाऱ्याचा आहे.

खुद्द सृष्टीत काय घडते, तेही याच माशाने दाखवून दिले आहे. त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांत धबधब्याखाली मोठे शिकारी मासे असतात, धबधब्यावर ते चढू शकत नाहीत. खालच्या गप्पी माद्या लवकर वयात येतात आणि पुष्कळ पण लहान पिले देतात. वरच्या माद्या सावकाश वयात येतात, पिले थोडी पण मोठी देतात. जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने १९७६ साली खालचे मासे उचलून वरच्या एका ओढ्यात सोडले. अकरा वर्षांनंतर त्यांच्या वंशजांची राहणी बदललेली आढळली: पिले कमी, परंतु मोठी. डेव्हिड रेझनिक यांच्यासह त्यांनी हा निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध केला. थोडक्यात, भोवतालचा धोका कमी झाला की पिढ्यांची घडणच बदलते. एवढ्याशा माशाने सांगितलेली ही गोष्ट लहान नाही.

आता ती जुनी गोष्ट. शतपथ ब्राह्मणात मनू सकाळी हात धूत असता ओंजळीत एक इवलासा मासा येतो आणि मला सांभाळ, मी तुला तारीन, असे म्हणतो. कसा सांभाळू, असे मनू विचारतो. त्यावर तो मासा सांगतो की आम्ही लहान असतो तोवर आमचा फार नाश होतो, मासाच माशाला गिळतो. म्हणून आधी मला घड्यात ठेव, तिथे मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव, आणि त्यातही मावेनासा झालो की समुद्रात सोड. पुढे महापूर येतो आणि तोच मासा मनूची नाव ओढून नेतो. ही गोष्ट आपण पुराची म्हणून वाचतो. मला ती आता पिले वाढविण्याची गोष्ट वाटते. मनूने माशाला एकाच घड्यात कायमचे कोंडले असते, तर नाव ओढायला कोण आले असते? आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात असे आले आहे की, मत्स्यन्यायाने गांजलेल्या लोकांनी वैवस्वत मनूलाच राजा केले. लहानाला मोठ्याने गिळू नये ही व्यवस्था करणे, हेच राजाचे पहिले काम ठरले. काचेच्या पेटीपुरते ते काम आपल्याकडे येते.

हे सर्व हौसेपुरते असते तर मी लिहिले नसते. आमच्या हौदातले सहा मासे पहिल्या उन्हाळ्यापर्यंत दोनवर आले. शेजारच्या घरांतही तोच अनुभव. पिले होत होती, पण सिमेंटच्या गुळगुळीत हौदात ती खाल्ली जात होती, किंवा हौद धुताना पाण्याबरोबर नालीत जात होती. मासे सोडले की काम संपले, असे आपण समजतो. वास्तविक काम तिथे सुरू होते. मग हौदातही झाडे भरावीत काय? मुळीच नाही. आडोसा पिलाला मिळतो तसा डासाच्या अळीलाही मिळतो, आणि दाट झाडीत गप्पी तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून झाडे टबात, हौद मोकळा. टबात वाढलेली पिले दोन-अडीच महिन्यांची झाली की हौदात सोडावीत. तसेच जी भांडी रिकामी करता येतात त्यांना माशांची गरजच नाही. ती आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळून, घासून, वाळवावीत. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नियम. उन्हाळ्यात पाणी साठविल्याशिवाय आपले भागत नाही, तेव्हा जे हौद रिकामे करता येत नाहीत त्यांच्यासाठीच मासे.

आणखी एक विनंती, आणि ती तितक्याच आग्रहाची. पिले जास्त झाली म्हणून ती चक्रावतीत सोडू नका. भूतदया म्हणून कोणी तसे करील. परंतु हा परक्या देशातला मासा आहे. एक गाभण मादी नवे कुळ वसवायला पुरेशी असते, आणि ते कुळ मग आपल्या नाल्यांतल्या मूळच्या लहान माशांचे अन्न आणि त्यांची पिले खाते. एका पिलाला वाचविताना दुसऱ्याची पिले आपण मारावीत काय? जास्तीचे मासे आशाताईंकडे द्यावेत, ज्यांच्या हौदात नाहीत त्यांना द्यावेत.

आपल्या कळंबला पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. चिंतामणीच्या दर्शनालाही आपण पायऱ्या उतरून, कुंडाच्या पाण्याजवळ जातो. अशा गावातल्या महाविद्यालयाच्या आवारात, सावलीच्या कोपऱ्यात, झाडांनी भरलेले दोन टब ठेवायला काय हरकत आहे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी पाळीपाळीने पिलांना खायला घालावे आणि पावसाळ्यापूर्वी वाढलेले मासे गावातल्या हौदांना पुरवावेत. खर्च दोन टबांचा आणि रोज एका अंड्याच्या बलकाचाही नाही. प्राचार्यांनी आणि गुरुजनांनी याचा विचार करावा, ही नम्र सूचना.

माझा भाऊ आता शाळेत जातो. टब त्याच्या ताब्यात आहे, मला हात लावू देत नाही. ती प्लॅस्टिकची पेटी आईने धुऊन तिच्यात सुईदोरा ठेवला आहे. रक्षण करणे म्हणजे कोंडून ठेवणे, हा समज आपल्याकडे माशांपुरताच आहे असे नाही. त्याविषयी मी येथे विस्ताराने लिहीत नाही, माझ्या वर्गमैत्रिणींना ते सांगावे लागणार नाही. वाचकांनी एवढेच ध्यानात ठेवावे की पिलू पोहणे जन्मतःच शिकून येते. त्याला आपल्याकडून हवा असतो तो थोडा आडोसा, थोडे स्वच्छ पाणी, आणि मोठे झाल्यावर मोकळा हौद.

— एक विद्यार्थिनी, बी.ए. द्वितीय वर्ष